आवडती चीज आणि तिचा कर्ता : झाडीपट्टीच्या निमित्ताने एक विचार

युरोपीय अभिजात संगीताच्या श्रोत्यास त्याचा आवडता रचनाकार विचारला, तर बाख, मोझार्ट, बेथोव्हेन यांपैकी एखादे नाव तो तत्काळ सांगतो. पाठोपाठ आवडत्या रचनेचा क्रमांकही सांगू शकतो. लुडविग फोन क्योखेल याने मोझार्टच्या रचनांची कालानुक्रमे सूची १८६२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून त्या रचना क्योखेलच्या क्रमांकांनीच ओळखल्या जातात. कर्ता एक, संहिता एक, क्रमांक एक. वादक आणि गायक बदलतात. रचना बदलत नाही, निदान ती बदलू नये अशी अपेक्षा असते. हाच प्रश्न भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, लाखांदूरच्या परिसरात, रात्रभर नाटक ऐकून पहाटे घराकडे निघालेल्या रसिकास विचारला, तर उत्तर निराळ्या जातीचे मिळते. तो पदाचे पहिले तीन-चार शब्द सांगतो, नाटकाचे नाव सांगतो, आणि ते पद कोणाच्या तोंडून ऐकले हे आग्रहाने सांगतो. चाल कोणी बांधली, हे तो बहुधा सांगत नाही. आणि आपल्या उत्तरात काही उणे राहिले, असे त्यास वाटतही नाही.

ह्यावरून त्याची रसिकता अपुरी ठरविणे घाईचे होईल. ज्या संगीतात तो वाढला, त्यात 'रचनाकार' हे एका व्यक्तीचे नाव नसून अनेकांत वाटले गेलेले कार्य आहे. हे वाटप कसे झाले, आणि ते ध्यानात न घेता केलेल्या संकलनात नेमके काय निसटते, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम प्रदेशाविषयी थोडे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा भातशेतीचा मुलूख भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांत पसरलेला असून 'झाडीपट्टी' ह्या नावाने ओळखला जातो. (गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला, तत्पूर्वी झाडीपट्टी म्हणजे मुख्यतः दोनच जिल्हे.) धानाची कापणी उरकत आली, की दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पुढे शंकरपट होतात, आणि त्यांना जोडून रात्री नाटक असते. शंकरपटावर सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने बंदी आली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरविला. मधल्या वर्षांत बैल धावले नाहीत, पण नाटकांची परंपरा त्यामुळे तुटली नाही. ह्या रंगभूमीचा व्यावसायिक व्यवहार आज मुख्यतः लाखांदूरला जवळ असलेल्या वडसा येथून चालतो. तिचे एक ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांस २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळ वाचकांस ह्या रंगभूमीचे अस्तित्व प्रथमच कळले असावे.

दंडार आणि खडी गंमत हे येथील जुने प्रकार. त्यांत गाणे आहे, नाच आहे, सवाल-जवाब आहे. त्यावर संगीत नाटकाचा थर चढला. नाटक रात्री नऊ-दहाच्या सुमारास सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. रंगमंचालगत ऑर्गन आणि तबला असतो, आणि नट स्वतः गातात. पुण्या-मुंबईकडे संगीत नाटक हा आज प्रासंगिक पुनरुज्जीवनाचा विषय झाला असताना, नाटकात पद असलेच पाहिजे, ही अपेक्षा येथे अद्याप जिवंत आहे. रसिकाने आपली आवड कोणत्या शब्दांत सांगावी, हे ह्या अपेक्षेतूनच ठरते.

आता मूळ प्रश्न. रचनाकार कोणास म्हणावे, ह्याचा शास्त्रीय विचार महाराष्ट्राच्याच भूमीवर तेराव्या शतकात झालेला आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' ग्रंथात 'वाग्गेयकार' ही संज्ञा विवरून सांगितली. वाक् म्हणजे शब्द, त्यास 'मातु' म्हणावयाचे. गेय म्हणजे स्वररचना, तिला 'धातु' म्हणावयाचे. दोन्ही ज्याची स्वतःची, तो वाग्गेयकार. येथवर युरोपीय कल्पनेशी फारसे अंतर नाही. पण शार्ङ्गदेव येथे थांबत नाही. तो वाग्गेयकारांच्या प्रती लावतो, आणि त्याच ओघात 'कुट्टिकार' अशी एक वेगळी संज्ञा देतो. दुसऱ्याने रचलेल्या धातूवर जो आपली मातु बसवितो, तो कुट्टिकार. म्हणजे तयार चालीवर शब्द रचणारा कवी शास्त्रास ठाऊक आहे, त्यास नाव आहे, मात्र त्याचे स्थान खालचे आहे.

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास हा ह्या खालच्या मानलेल्या स्थानाच्या वैभवाचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये आणि 'संगीत सौभद्र' १८८२ मध्ये रंगभूमीवर आले. अण्णासाहेब बेळगावकडील गुर्लहोसूरचे; कानडी पदांच्या चाली त्यांच्या कानांत मुरलेल्या होत्या. त्या चाली, साकी-दिंडी-कामदा यांसारखी कीर्तनातील वृत्ते, लावणीचे वळण, यांवर त्यांनी पदे रचली. छापील नाटकात पदाच्या माथ्यावर राग आणि ताल यांच्याबरोबर 'चाल' म्हणून एक ओळ येते, ती ह्याच व्यवहाराची कबुली होय. त्या ओळीत मूळ गीताचे आरंभीचे शब्द असतात. ते ठाऊक असणाऱ्यास चाल सांगण्याची गरज नाही. ज्यास ते ठाऊक नाहीत, त्यास ती ओळ मुकी आहे. मूळ गीत विस्मरणात गेले, की ती ओळ असलेल्या पत्त्यावर नसलेले घर दाखविते. किर्लोस्करकालीन नाटकांच्या अभ्यासात शब्दसंहितेची जेवढी चिकित्सा झाली, तेवढी ह्या एका ओळीची झालेली नाही, हे आश्चर्यच होय.

ही रीत मराठीपुरती आहे, असा ग्रह मात्र होऊ नये. हान्स लेओ हास्लर याने १६०१ मध्ये प्रसिद्ध केलेले एक प्रेमगीत पुढे ख्रिस्ती उपासनेच्या पदास चाल म्हणून लाभले, आणि सतराव्या शतकात पाउल गेरहार्टने रचलेले शब्द घेऊन तीच चाल बाखच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन'मध्ये पुनःपुन्हा अवतरली. त्या चालीस आज श्रोते बाखची म्हणूनच ओळखतात. म्हणजे युरोपातही कर्तृत्वाचे वाटप होत होते. क्रमांकांच्या सूचीने ते झाकून टाकले एवढेच.

खाडिलकरांच्या नाटकांपासून चाल देणाऱ्याचे नाव स्वतंत्रपणे घेतले जाऊ लागले. 'संगीत मानापमान' १९११ मध्ये आले, त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. पूरब अंगाची ठुमरी, दादरा, कजरी यांचे लडिवाळ वळण त्यांनी मराठी शब्दांत आणले. 'संगीत स्वयंवर' १९१६ चे; त्यास भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. नत्थनखाँ, अल्लादियाखाँ अशा थोरांकडून मिळविलेली विद्या बुवांपाशी होती. त्यांनी ख्यालाच्या चिजाच रंगभूमीवर आणल्या. यमन, भूप, बिहाग, भीमपलास हे राग ज्यांनी कधी बैठकीचे तोंड पाहिले नव्हते अशा सहस्रावधी लोकांच्या ओठी आले ते ह्या एका नाटकामुळे. पण येथेही 'बखले यांनी चाल दिली' ह्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी बुवांनी नवी चाल निर्माण केली नाही. शेकडो चिजांच्या साठ्यातून नेमकी चीज निवडली, नाटकातील प्रसंगास ती कशी बसेल हे पाहिले, लय बदलली, आणि नटाच्या गळ्यावर ती चढविली. ह्या निवडीस रचना म्हणावे की नाही? युरोपीय व्याख्येने नाही. आपल्याकडील रसिक मात्र 'स्वयंवर' म्हणजे बखल्यांची कृती असे निःशंकपणे मानतो, आणि ते योग्यच आहे. वाग्गेयकार आणि कुट्टिकार यांच्या पलीकडचा, शार्ङ्गदेवास बहुधा न दिसलेला, हा तिसरा कर्ता आहे.

आणि चौथा? बालगंधर्व. मराठी मनात ह्या पदांचा धनी कोण, असे विचारले तर खाडिलकर नव्हे, टेंबे-बखले नव्हे, तर बालगंधर्व हेच उत्तर येईल. कुमार गंधर्वांसारख्या स्वतः रचनाकार असलेल्या गायकाने ह्या पदांचा वेगळा कार्यक्रम केला तेव्हा त्यास 'मला उमजलेले बालगंधर्व' असे नाव दिले. चाली टेंब्यांच्या व बखल्यांच्या, शब्द नाटककारांचे; पण उमजून घ्यावयाचे ते बालगंधर्व! ज्यांचा 'अनूपरागविलास' हा बंदिशींचा संग्रह १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला, ज्यांस रचनेचे कर्तृत्व म्हणजे काय हे पुरते ठाऊक होते, त्यांनी हे नाव निवडावे, ह्यास अर्थ आहे. वन्समोअर मिळाल्यावर तेच पद दुसऱ्यांदा गाताना बालगंधर्व ते जसेच्या तसे गात नसत. (वन्समोअर हा शब्द इंग्रजी खरा, परंतु त्याची रीत मराठी रंगभूमीने अशी काही आपलीशी केली, की त्यास परका म्हणवत नाही.) दुसऱ्या वेळची जागा पहिल्या वेळी नव्हती, ती कोणी रचली? प्रेक्षकाने मागितली आणि गायकाने दिली. ह्या अर्थाने मागणारा श्रोताही रचनेचा अल्पांशाने भागीदार असतो.

ध्वनिमुद्रिकेने ह्या प्रवाहास बांध घातला. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. रंगमंचावर वीस मिनिटे चालणारे पद त्या मापात बसवावे लागे. जे बसले तेच पुढे प्रमाण ठरले. लेखणीने जे मराठी पदाचे केले नव्हते, ते सुईने केले: एक निश्चित पाठ तयार झाला. १९४८ मध्ये नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर अशा मुद्रिका पूर्व विदर्भातील खेड्यांतही ऐकता येऊ लागल्या. अशा श्रोत्यास पद भेटते ते दोन रूपांत: रेडिओवरील आखीव रूपात, आणि मंडईच्या रात्री कोण्या गावच्या गायकनटाच्या ऐसपैस रूपात. दोहोंतील अंतर त्यास कळते. अमका 'मुद्रिकेसारखे' गातो आणि तमका 'आपले' गातो, हा भेद करता येणे म्हणजेच रचना आणि आविष्कार यांतील भेद जाणणे होय, मग त्यास संज्ञा ठाऊक असो वा नसो.

ख्यालगायनाच्या क्षेत्रात कर्त्याचे नाव बंदिशीतच गोवण्याची सोय आहे. तिला मुद्रा म्हणतात. मराठी श्रोत्यास ही कल्पना अभंगामुळे परिचित आहे. मुहम्मदशाह बादशाहाच्या (राज्यकाल १७१९ ते १७४८) दरबारातील नियामतखाँ यांनी 'सदारंग' ही मुद्रा घेतली. पुढील काळात फैयाजखाँ 'प्रेमपिया', बडे गुलाम अलीखाँ 'सबरंग', जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणिदास', श्रीकृष्ण रातंजनकर 'सुजान' अशी मुद्रांची मालिका चालू राहिली. तथापि मुद्रेवर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे. सदारंगाचे नाव असलेली प्रत्येक चीज सदारंगाची नव्हे. थोर नावाच्या आश्रयाने आपली रचना टिकावी म्हणून शिष्य-प्रशिष्यांनी तेच नाव घातलेले आहे. युरोपात दुसऱ्याची रचना आपल्या नावावर खपविली, तर ते चौर्य ठरते. येथे आपली रचना दुसऱ्याच्या नावावर वाहिली, तर ती भक्ती ठरते. संशोधकास दोन्ही सारखेच त्रासदायक. विष्णु नारायण भातखंडे यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सुमारे १८०० चिजा स्वरलेखनासह मराठीत प्रसिद्ध केल्या, तेव्हा चिजा नष्ट होण्याचे भय पुष्कळ कमी झाले. पण त्यांतील बहुतेकांचा कर्ता त्यांनाही सांगता येण्यासारखा नव्हता.

दक्षिणेकडे स्थिती वेगळी. कर्नाटक संगीताच्या श्रोत्यास आवडता रचनाकार विचारला तर तो त्यागराज (१७६७–१८४७), मुत्तुस्वामी दीक्षितर किंवा श्यामा शास्त्री यांचे नाव युरोपीय श्रोत्याइतक्याच तत्परतेने घेईल. तेथे कृतीचे शब्द व चाल एकाच कर्त्याची, आणि गायकाचे स्वातंत्र्य त्या चौकटीच्या आत. विशेष असे, की ही परंपरा बहरली ती तंजावरच्या परिसरात, मराठी राजांच्या अमलात. त्या घराण्यातील शहाजी (राज्यकाल १६८४–१७१२) याने स्वतः तेलुगूत गेय प्रबंध रचले. महाराष्ट्रातच वाग्गेयकाराची व्याख्या झाली, तंजावरच्या मराठी दरबाराच्या छायेत तिचे श्रेष्ठ उदाहरण निर्माण झाले, आणि महाराष्ट्राच्या रंगभूमीने मात्र कुट्टिकाराची वाट धरली.

१९६० नंतर ती वाट वळली. जितेंद्र अभिषेकी यांनी 'मत्स्यगंधा' (१९६४), 'ययाति आणि देवयानी' (१९६६), 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) ह्या नाटकांना संगीत दिले, ते जुन्या चिजांच्या निवडीपेक्षा नव्या बांधणीवर भर देऊन. पदांची संख्या आणि लांबी घटली. चाल शब्दांसाठी जन्मू लागली. 'कट्यार'चा विदर्भाशी संबंध निकटचा आहे. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मले आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्यापाशी शिकले. शिवाय त्या नाटकाचा विषयच गायकीवर मालकी कोणाची, हा आहे. दोन घराण्यांची गायकी श्रोत्यास वेगवेगळी ओळखता यावी, ही नाटकाची निकड असल्यामुळे चालींतच पात्रांची ओळख भरावी लागली. येथे संगीतरचनाकार नाटककाराच्या बरोबरीस येतो. २०१५ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. त्यात अभिषेकींच्या काही चाली राहिल्या आणि शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली. आजच्या तरुण श्रोत्यास 'कट्यार'मधील आवडते पद विचारले, तर ते कोणाचे हे सांगताना त्याची गफलत होणे अशक्य नाही. आणि तो गफलत करतो ती पुन्हा जुन्या पद्धतीचीच: नाटकाचे नाव आणि आवाज लक्षात, कर्ता धूसर.

झाडीपट्टीतील नव्या नाटकांच्या बाबतीत हे धूसरपण अधिक आहे, आणि तेथेच खरी हानी आहे. टेंबे-बखल्यांची नावे ग्रंथांत नोंदलेली आहेत; श्रोत्याने ती न घेतल्याने काही बिघडत नाही. झाडीपट्टीच्या नाटकातील पदाची चाल कधी जुन्या नाट्यपदाची असते, कधी चित्रपटगीताची, कधी दंडारीच्या वळणाची; आणि कधी ती तालमीत गायक व ऑर्गनवादक यांच्या एकविचाराने बसते. ही शेवटची चाल कोठेही लिहिली जात नाही. हंगाम संपला, नाटक बदलले, ऑर्गनवादक दुसऱ्या मंडळात गेला, की ती त्याच्या हातापुरती उरते.

कायद्यानेही बराच काळ ह्या माणसास ओळखले नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात सांगीतिक कृतीची मूळ व्याख्या अशी होती, की छापलेली, लिहिलेली किंवा अन्य रीतीने चिन्हांकित झालेली स्वररचना तेवढीच कृती. म्हणजे स्वरलेखन नसलेली चाल कायद्यापुरती अस्तित्वातच नव्हती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ह्या व्याख्येवर बोट ठेवले होते: भारतीय संगीताचे सत्त्व ज्या गायनात आहे ते सोडून कायदा केवळ कागदाचे रक्षण करतो, असा त्यांचा आशय होता. १९९४ च्या दुरुस्तीने स्वरलेखनाची अट गेली. संगीत रचणारा, मग त्याने ते कोणत्याही चिन्हलिपीत उतरविलेले असो वा नसो, रचनाकार होय, असे कायदा आता म्हणतो. प्रयोग करणाऱ्या कलावंतासही त्याच दुरुस्तीने स्वतंत्र हक्क मिळाला. शार्ङ्गदेवाने केवळ शास्त्रात केलेले वर्गीकरण सातशे वर्षांनी ह्या रीतीने विधिग्रंथात अंशतः उतरले.

कायदा बदलला तरी नोंद करणारा आपले पत्रक बदलीलच असे नाही. ग्रंथालयातील सूची असो, विद्यापीठीय क्षेत्रपाहणी असो, ध्वनिफितींचे वर्गीकरण असो, 'रचनाकार' अशी एकच जागा ठेवलेली असते. लाखांदूरकडील पदांची नोंद करू जाणारा विद्यार्थी ती जागा एक तर रिकामी ठेवतो, नाही तर 'पारंपरिक' असा शब्द तीत भरतो. 'पारंपरिक' हा शब्द दिसावयास आदराचा असला, तरी ज्या पदाचा ऑर्गनवादक पुढच्याच गावात राहतो त्यास तो लावणे म्हणजे जिवंत माणसास पूर्वजांत जमा करणे होय. ह्या प्रदेशात प्रश्न निराळ्या क्रमाने विचारला पाहिजे. आधी हे पद कोणाच्या तोंडून ऐकले, हे विचारावे, कारण श्रोत्याची स्मृती तेथून उघडते. मग शब्द कोणाचे. मग ही चाल आधी दुसऱ्या कोणत्या शब्दांना होती काय. आणि शेवटी, त्या रात्री पेटीवर कोण बसले होते. चौथ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा गावातच मिळते, पण ते आपणहून कोणी सांगत नाही, कारण ते विचारण्यासारखे आहे असे आजवर कोणी सुचविलेले नसते. असा माणूस सापडला, तर त्यास वाजवावयास सांगून चालीची ध्वनिफीत करावी, स्वरलेखन मागाहून करावे. आणि एका चालीची दोन वेगळी रूपे ऐकावयास मिळाली, तर त्यांतील शुद्ध कोणते हे ठरविण्याच्या भरीस न पडता दोन्ही गाव, वर्ष आणि वादक यांच्या नावानिशी ठेवावीत.